दट्ट्या, कड्या आणि काजळी



घरांतील घड्याळ बंद पडलें, शिवणयंत्राचा टांका तुटूं लागला किंवा स्टोव्हची ज्योत पिवळी पडली, तर पूर्वींच्या संसारांत प्रथम घरांतीलच कोणीतरी हातांत पेचकस घेत असे. दुकानाची वाट धरावयाची ती त्यानंतर. आज मी आपणांपुढें जो विषय मांडणार आहें, तो याच परंपरेंतला आहे. ज्या दुचाकीनें आपल्या मध्यमवर्गाचा भार एका पिढीहून अधिक काळ वाहिला, त्या स्कूटरच्या इंजिनाचा वरचा भाग घरच्या घरीं उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हां कसा जोडावा, याचें विवेचन मला करावयाचें आहे. कारागीर लोक या कामाला ‘हेडचें काम’ असें म्हणतात. विषय थोडा तेलकट आहे खरा. परंतु ज्याला प्रेशर कुकरची वायसर बदलतां येते आणि जो केलेलें काम दोनदां तपासून पाहतो, त्याला हें काम अगदींच परकें वाटूं नये.

उदाहरणासाठीं मी बजाज चेतक ही स्कूटर घेतों. तिचें कुळ मूळचें इटलींतलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, पिआज्जिओ या कारखान्यानें कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्याच्या आराखड्यावरून व्हेस्पा नांवाची स्कूटर बाजारांत आणली. १९६० च्या सुमारास तिचें उत्पादन परवान्यानें आपल्या देशांत बजाज कंपनीकडे सुरू झालें. परवान्याची मुदत १९७१ सालीं संपली, आणि १९७२ पासून त्याच घराण्याची गाडी राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करून पुण्याजवळच्या आकुर्डीहून बाहेर पडूं लागली. तिच्यासाठीं लोक नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत या जुन्या गाडीची निर्मिती थांबली. २०२० सालापासून तेंच नांव विजेवर चालणाऱ्या एका नव्या स्कूटरला मिळालें आहे. तथापि जुन्या चेतक अजूनही आपल्या शहरांतून फिरतांना दिसतात, आणि पुष्कळ घरांतून ती गाडी केवळ वाहन म्हणून नव्हे, तर वडिलांची ठेव म्हणून राखलेली असते. अशा ठेवींची निगा राखणारे जुने मिस्त्री मात्र दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. म्हणून ही विद्या थोडीबहुत घरांत असणें अगत्याचें झालें आहे.

प्रथम इंजिनाची रचना समजून घेऊं. रेडिओवरून चित्र दाखवितां येत नाहीं; यास्तव श्रोत्यांनीं रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांसमोर आणावी. पिचकारीची नळी म्हणजे सिलिंडर, आणि तींत पुढेंमागें सरकणारा गोळा म्हणजे पिस्टन, आपल्या भाषेंत दट्ट्या. चेतकच्या सिलिंडराचा आंतील व्यास ५७ मिलिमीटर, आणि दट्ट्याची धांवही ५७ मिलिमीटर. गणित केलें तर दट्ट्याच्या एका धांवेंत १४५.४५ घन सेंटिमीटर जागा व्यापली जाते; व्यवहारांत हिलाच दीडशें सी. सी. म्हणतात. नळी बिडाची, दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा, आणि नळीच्या तोंडावरचें झांकण, म्हणजे हेड, तेंही ॲल्युमिनियमचें. हेडमध्यें ठिणगी पाडणारा प्लग बसविलेला असतो. दट्ट्या ज्या पोलादी कांबीला जोडलेला असतो तिला कनेक्टिंग रॉड म्हणतात, आणि त्या दोहोंना सांधणारी जी पोकळ खुंटी, तिला कारागिरांच्या बोलींत गजन पिन असें नांव आहे.

या इंजिनाच्या हेडमध्यें झडपा नसतात. १८९१ सालीं जोसेफ डे या इंग्रज अभियंत्यानें ज्या प्रकारच्या इंजिनाचें पेटंट घेतलें, त्या टू-स्ट्रोक कुळांतलें हें यंत्र आहे. नळीच्या भिंतींत खिडक्या ठेवलेल्या असतात. दट्ट्या वरखालीं होतांना आपल्या कडांनींच त्या उघडतो व मिटतो. एका खिडकीनें ताजें मिश्रण आंत येतें, दुसरीनें जळलेला धूर बाहेर जातो. दट्ट्या नळींत अगदीं घट्ट बसवितां येत नाहीं, कारण ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. ५७ मिलिमीटरचा दट्ट्या २०० अंशांनीं तापला, तर तो जवळजवळ पाव मिलिमीटरनें वाढतो. त्याला फुगावयास जागा हवी. पण जागा ठेवली तर दाब निसटणार. ही अडचण दट्ट्याच्या खांचांत बसविलेल्या दोन बिडाच्या कड्या, ज्यांना आपण रिंग म्हणतो, त्या सोडवितात. त्या स्प्रिंगेप्रमाणें भिंतीला टेकून राहतात आणि दाब अडवितात. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८३ वेळां स्फोट होतो आणि या कड्या सेकंदाला सरासरी साडेनऊ मीटर वेगानें भिंतीवर घासल्या जातात. त्यांना वंगण मिळतें तें केवळ पेट्रोलांत कालविलेल्या तेलाचें. ही एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवली, म्हणजे पुढील सर्व विवेचन तिच्यापासूनच निघतें.

या रचनेमुळें इंजिनाच्या वरच्या भागाला तीन रोग होतात. पहिला काजळीचा. पेट्रोलाबरोबर जळलेल्या तेलाची काळी, टणक खपली हेडला, दट्ट्याच्या माथ्याला आणि धूर जाण्याच्या खिडकीला धरते. खिडकी अरुंद झाली कीं गाडीचा श्वास कोंडतो. दुसरा झिजेचा. कड्या आणि भिंत घासून घासून दाब निसटूं लागतो. तिसरा रोग होरपळण्याचा. लोक त्याला इंजिन जाम होणें म्हणतात. वंगण कमी पडून किंवा उष्णता वाढून दट्ट्या नळींत चिकटतो, आणि चालत्या गाडीचें मागचें चाक एकाएकीं अडकतें. पहिले दोन रोग हळूहळू येतात. तिसरा एका क्षणांत येतो, आणि तो जिवावर बेतूं शकतो. असें झाल्यास तत्काळ क्लच दाबावा, एवढें तरी प्रत्येक चालकानें जाणून असावें.

आतां निदान. वैद्य जसा पोट फाडण्यापूर्वीं नाडी पाहतो, तद्वत इंजिन उघडण्यापूर्वीं बाहेरच्या गोष्टी तपासाव्या. गाडी चढाला थकते, किक पूर्वींपेक्षां हलकी लागते, स्कूटर आडवी कलती करून दहा किका मारल्यावांचून ती सुरू होत नाहीं, अशीं लक्षणें दिसलीं म्हणजे हेडचेंच काम निघालें असें ठरवूं नये. आधीं प्लग काढून पाहावा. त्याचें टोंक बिस्किटासारखें तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. काळें व ओलें असेल तर पेट्रोल किंवा तेल अधिक. पांढरें फटक असेल तर मिश्रण पातळ, आणि होरपळण्याचा धोका जवळ. प्लगच्या टोंकांमधील अंतर साधारण ०.६ मिलिमीटर असावें. नंतर हवेची जाळी, कार्बोरेटरचा जेट आणि सायलेन्सर पाहावा. सायलेन्सर काजळीनें बुजला असेल, तर नवी कोरी कडीदेखील गाडीला बळ देऊं शकणार नाहीं. धूर नेहमींहून दाट व पांढुरका येत असेल आणि गिअरपेटींतील तेल कमी होत असेल, तर क्रँकचें सील गेलेलें असण्याचा संभव असतो. तें काम खालच्या भागाचें. वरचा भाग कितीही सुधारला तरी तो धूर थांबणार नाहीं. या सर्व गोष्टी निर्दोष असूनही किकेला दाब लागत नसेल, तरच हेड उघडावें.

उघडण्याची जागा स्वच्छ, उजेडाची आणि हवेशीर असावी. इंजिन पूर्ण थंड झालेलें असावें. पेट्रोलची तोटी बंद करावी. जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी, कांहींही पेटतें नसावें. गाडीच्या तळाशीं भक्कम टेकू द्यावा. शेजारीं जुनें वर्तमानपत्र पसरून त्यावर एक ताट ठेवावें, आणि जो भाग ज्या क्रमानें निघेल त्या क्रमानें ताटांत मांडावा. हत्यारें फार लागत नाहींत: प्लगचा पाना, हेडच्या नटांसाठीं ११ मिलिमीटरचा गोटी पाना, पेचकस, बारीक नाकाची पक्कड, आणि अंतर मोजण्याच्या पातळ पात्यांचा जुडगा, ज्याला फीलर गेज म्हणतात. हें शेवटचें साधन स्वस्त असून त्यावांचून सगळें काम अंदाजाचें ठरतें.

उजव्या बाजूचें फुगीर आवरण काढलें कीं इंजिन दिसतें. सिलिंडरावर पत्र्याचें एक कव्हर असतें. पंख्याची हवा तेंच कव्हर सिलिंडराच्या पंखांवरून फिरवितें. म्हणून तें पुन्हां न विसरतां बसवावें; त्याच्यावांचून गाडी चालविली तर होरपळ ठरलेली. कव्हर काढून प्लग सोडवावा. हेडचे चार नट समोरासमोरच्या जोडीनें, प्रत्येकीं अर्धा अर्धा फेरा ढिले करावेत. एकच नट पूर्ण सोडला तर हेडला पीळ बसतो. हेड निघाल्यावर सायलेन्सरची पकड सोडवून सिलिंडर सरळ ओढून घ्यावा. जागा अपुरी पडली तर मागील शॉक-ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून इंजिन थोडें खालीं झुलवितां येतें. मात्र त्या वेळीं टेकूवर दुप्पट लक्ष असावें.

सिलिंडर निघतांक्षणीं खाली उघड्या पडलेल्या तोंडांत स्वच्छ, धागे न सुटणारें फडकें कोंबावें. हें एक पथ्य पाळलें नाहीं, तर गजन पिनेला अडविणाऱ्या तारेच्या इवल्याशा कड्यांपैकीं एखादी निसटून नेमकी त्या तोंडांत उडी घेते, आणि दोन तासांचें काम दोन दिवसांचें होतें. त्या तारकड्या पकडीनें काढाव्या व पुन्हां कधींही वापरूं नयेत. पिन हट्टी असेल तर दट्ट्याभोंवतीं कडकडीत गरम पाण्यांत पिळलेलें फडकें गुंडाळावें. ॲल्युमिनियम फुगतें आणि पिन बोटानें सरकते. हातोडा मारूं नये, कारण तो घाव खालच्या रॉडला बसतो.

आतां खरी परीक्षा. रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खालीं ओढून पाहावा. बाजूला थोडा हलला तर चालेल; पण वर-खालीं खटका लागला, तर क्रँकचें बेअरिंग झिजलें आहे. अशा वेळीं वरचा भाग नवा करणें म्हणजे पायाला तडा गेलेल्या घराला रंग देणें होय. इंजिन पूर्ण उघडणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच गाडी न्यावी.

रॉड निर्दोष असेल तर नळीची झीज मोजावी. यासाठीं कारखान्यांत महाग मापक असतें. घरीं एका कडीवर भागतें. दट्ट्यावरून एक कडी हळूच काढून नळीच्या वरच्या भागांत, जेथें झीज सर्वाधिक असते तेथें, दट्ट्याच्या माथ्यानें ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोंकांमधील फट पात्यानें मोजावी. मग तीच कडी नळीच्या अगदीं खालच्या भागांत, जेथें कड्या कधीं पोहोंचत नाहींत तेथें, बसवून पुन्हां मोजावी. समजा, वर फट ०.९५ मिलिमीटर आली आणि खालीं ०.४८. फरक ०.४७. हा फरक परिघाचा आहे, त्याला ३.१४ नें भागलें कीं व्यासाची झीज निघते, ती सुमारें ०.१५ मिलिमीटर. शाळेंत शिकलेला परीघ आणि व्यास यांचा संबंध येथें असा उपयोगीं पडतो. एवढी झीज असेल, तर नुसत्या नव्या कड्यांनीं काम टिकत नाहीं. उलट नळींत झीज नगण्य असून केवळ कडीच घासली असेल, तर कड्या बदलून भागतें. या आकाराच्या नळींत नव्या कडीची फट पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. भिंतीवर नख फिरवून पाहावें. नख अडकेल अशी उभी रेघ असेल, तर नळी बोअर केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

बोअर करणें हें घरचें काम नव्हे. तें लेथवाल्याचें. तेथें एक नियम पाळावा: आधीं किंचित मोठ्या मापाचा दट्ट्या विकत घ्यावा, तो नळीबरोबर लेथवाल्याला द्यावा, आणि त्या दट्ट्याच्या मापानें, बनविणाऱ्यानें सांगितलेली मोकळीक ठेवून, नळी कातून घ्यावी. आधीं नळी कातून मागाहून दट्ट्या शोधणें म्हणजे आधीं अंगरखा शिवून मग माणूस शोधण्यासारखें आहे. कातल्यावर खिडक्यांच्या कडा धारदार राहतात. त्या बारीक कानशीनें किंचित मोडून घ्याव्यात, नाहींतर त्या नव्या कड्या खाऊन टाकतात.

काजळी काढण्याचें काम मात्र संपूर्ण घरचें. घरांतील मुलांना त्यांत भाग घेऊं द्यावा. हेड आणि दट्ट्या मऊ धातूचे असल्यामुळें पोलादी पेचकसानें खरवडूं नये. बांबूची किंवा कठीण लाकडाची चपटी काडी तासून घ्यावी. दट्ट्याच्या खांचा साफ करण्यास जुन्या कडीचा मोडका तुकडाच उत्तम. तो त्या खांचेच्याच मापाचा असतो. धूर जाण्याची खिडकी कडेकडेनें खरवडून पूर्ण मोकळी करावी. सायलेन्सर धुण्यासाठीं पुष्कळ लोक कॉस्टिक सोडा वापरतात. त्याविषयीं एक इशारा द्यावासा वाटतो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि त्या क्रियेंत पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. हेड किंवा दट्ट्या चुकूनही त्यांत बुडवूं नये. आणि तो द्रव हाताळतांना हातमोजे व चष्मा असल्यावांचून पुढें जाऊं नये. स्वयंपाकघरांतील कोणतेंही भांडें या कामासाठीं घेतलें, तर तें पुन्हां स्वयंपाकघरांत जातां कामा नये.

लेथवाल्याकडून आलेली नळी पेट्रोलनें पुसून समाधान मानूं नये. कातकामाची बारीक कुरुंदी धूळ धातूच्या रंध्रांत बसलेली असते. पेट्रोलानें ती हलत नाहीं. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन नळी पुन्हां पुन्हां धुवावी, इतकी कीं पांढरें फडकें आंतून फिरविल्यास पांढरेंच बाहेर येईल. मग लगेच कोरडी करून तेलाचा हात द्यावा, कारण ओलें बीड पाहतां पाहतां तांबेरतें.

जोडणी करतांना क्रम उलटा. चेतकच्या नळीच्या बुडाशीं कागदाचें पॅकिंग असतें. तें नवें घालावें. हेड आणि नळी यांच्यामध्यें मात्र पॅकिंग नसतें. धातूवर धातू बसते. म्हणून हेडचा काठ तपासणें महत्त्वाचें. जाड कांचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्यावर थोडें तेल टाकावें, आणि हेड आठाच्या आकड्यासारखें हलक्या हातानें फिरवावें. काठावर सर्वत्र एकसारखी निस्तेज छटा आली म्हणजे तो सपाट झाला. दट्ट्याच्या माथ्यावर बाणाची खूण असते. ती धूर जाण्याच्या खिडकीकडे असावी. प्रत्येक खांचेंत एक बारीक खुंटी असते. कडीचीं दोन्ही टोंकें त्या खुंटीच्या दोन अंगांनाच आलीं पाहिजेत. तीं खिडकीवर आलीं तर अडकून मोडतात, म्हणूनच ही खुंटी ठेवलेली आहे. गजन पिनेच्या नव्या तारकड्या खांचेंत पूर्ण बसल्या कीं नाहीं, हें त्या फिरवून पाहावें. नंतर सर्वांना तेलाचा हात देऊन, बोटांनीं कड्या दाबीत नळी सावकाश उतरवावी. अडली तर जोर न करतां मागें घेऊन पाहावें. जोरानें बसलेली नळी ही बहुधा मोडलेली कडी असते. नळी बसली, आणि फडकें बाहेर काढल्याची खात्री झाली, म्हणजे किक हातानें दाबून दट्ट्या मोकळा फिरतो असें पाहून घ्यावें.

हेडचे नट पुन्हां समोरासमोरच्या क्रमानें, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. आवळण्याचा जोर सुमारें दीड किलोग्रॅम-मीटर पुरतो. म्हणजे मुठीपासून नटापर्यंत पंधरा सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा किलो वजन उचलण्याइतका ओढा. याहून अधिक बळ दाखविणारा मनुष्य ते बारीक स्टड उपटून काढतो. पहिल्यांदा गाडी तापून पूर्ण निवाली, कीं नट एकदां पुन्हां तपासावेत.

यापुढचें काम पान्याचें नसून स्वभावाचें आहे. नवी कडी आणि नवी भिंत एकमेकींना घासून जुळावयास वेळ लागतो. पहिले चारपांचशें किलोमीटर गाडी पूर्ण वेगानें पळवूं नये. परंतु वरच्या गिअरमध्यें रडतखडत चढ चढवूंही नये. वेग कमीजास्त करीत राहावें. पेट्रोलांत तेलाचें प्रमाण उत्पादकानें सांगितल्याप्रमाणेंच असावें. शेंकडा दोन असें सांगितलें असेल, तर लिटरला २० मिलिलिटर आणि पांच लिटरला १००. डोळ्यांच्या अंदाजानें ओतूं नये. औषधाच्या मापाचा पेला वापरावा. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यामुळें जुन्या कार्बोरेटरांत मिश्रण थोडें पातळ होतें आणि इंजिन अधिक तापतें. जुन्या रबरी नळ्याही लवकर निकामी होतात. म्हणून प्लगचा रंग वरचेवर पाहावा, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीनिशीं उभी ठेवूं नये. आणखी एक गोष्ट: घाट उतरतांना गिअर तसाच ठेवून थ्रॉटल पूर्ण मिटून गाडी सोडून देण्याची संवय पुष्कळांना असते. या इंजिनाला वंगण पेट्रोलाबरोबरच मिळतें, हें वर सांगितलें. थ्रॉटल मिटला कीं दट्ट्या वेगानें धांवतो, पण त्याला तेल मिळत नाहीं. तेव्हां उतारावर मधून मधून थोडा थ्रॉटल द्यावा.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. पैशाची बचत होते, हें एक उत्तर. परंतु तेवढेंच असतें, तर मीं आपला इतका वेळ घेतला नसता. आपणांस आपल्या वस्तूची भाषा कळूं लागते, हा खरा लाभ होय. ज्याला आपल्या नळीची झीज मोजतां येते, त्याला ‘साहेब, सगळें इंजिनच बदलावें लागेल’ असें सांगणाऱ्याची भीति वाटत नाहीं. आणि ज्यानें स्वतः एकदां तारकडी बसविली आहे, तो प्रामाणिक कारागिराच्या मजुरीवर घासाघीस करीत नाहीं. अडाणी गिऱ्हाइकामुळें लबाड कारागीर पोसला जातो आणि चांगला कारागीर उपाशी राहतो, हें आपल्या शहरांतील वास्तव आहे.

परंतु एका गोष्टीकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेंतच एक दोष आहे: ताजें मिश्रण आंत येत असतांना धूर जाण्याची खिडकी उघडीच असते, आणि त्या मिश्रणाचा कांहीं भाग न जळतांच बाहेर निसटतो. शिवाय तेल जळतें तें निराळेंच. या दोषामुळेंच हीं इंजिनें आपल्या रस्त्यांवरून मागें पडलीं, आणि तें योग्यच झालें. तेव्हां जो आज जुनी स्कूटर राखतो, तो केवळ आपल्या आवडीचा धनी नाहीं. तिच्या मागून चालणाऱ्या प्रत्येक पादचाऱ्याच्या श्वासाचा तो देणेकरी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते, आणि पुढें तपासणी करून पांच वर्षांसाठीं ती नवी करून घ्यावी लागते; धुराचें प्रमाणपत्रही बाळगावें लागतें. या गोष्टींकडे कटकट म्हणून न पाहतां आपल्या कामाची परीक्षा म्हणून पाहावें. घट्ट बसलेल्या कड्या, स्वच्छ सायलेन्सर आणि मापानें घातलेलें तेल यांनीं धूर पुष्कळ कमी होतो. हें सर्व करूनही जी गाडी परीक्षेंत उतरत नाहीं, ती अंगणांत पुसून ठेवावी, मुलांना दाखवावी, पण रस्त्यावर आणूं नये. ठेव जपणें हें आपलें कर्तव्य; तिचा उपद्रव शेजाऱ्याला होऊं न देणें हें त्याहून मोठें कर्तव्य.

काम पूर्ण झाल्यावर ताटांत एकही नट उरलेला नसावा, हात साबणानें स्वच्छ धुतलेले असावेत, आणि एका वहींत तारीख, मोजलेल्या फटी, दट्ट्याचें माप व किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवलेला असावा. पुढच्या वेळीं तें इंजिन उघडणारा हात आपला असेल किंवा आपल्या मुलीचा. तिला ती वही उपयोगीं पडेल.